दहा नॅनोमीटर चांदी: सेंद्रिय सौर सेलसाठी पारदर्शक धातूचा इलेक्ट्रोड कसा बनवावा

काचेवर १०० नॅनोमीटर चांदी चढवली की आरसा होतो. तीच चांदी १० नॅनोमीटरवर थांबवली तर पलीकडचं दिसतं आणि वीजही वाहते. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या पातळ थरावर चालणाऱ्या सौर सेलला नेमकं हेच लागतं. एका बाजूने प्रकाश आत यायला हवा आणि त्याच बाजूने वीज बाहेर काढता यायला हवी.

हे काम बहुतेक ठिकाणी आयटीओ, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड करतं. त्याचा शीट रेझिस्टन्स, म्हणजे थराच्या एका चौकोनी तुकड्याचा वीजरोध, साधारण १० ते १५ ओहम प्रति चौरस असतो आणि पारदर्शकता ८५ टक्क्यांच्या आसपास. मग धातूच्या मागे का लागायचं? आयटीओ ठिसूळ असतं. प्लॅस्टिकवर चढवून वाकवलं की त्याला बारीक तडे जातात. चांगला आयटीओ मिळवायला उष्णता लागते, आणि ती प्लॅस्टिकला सोसत नाही. शिवाय इंडियम मुख्यतः जस्ताच्या उत्पादनातून उपउत्पादन म्हणून मिळतं, त्यामुळे त्याचा पुरवठा हवा तसा वाढवता येत नाही. आयटीओ वरच्या बाजूला हवा असेल तर आणखी एक अडचण येते. ते स्पटरिंगने, म्हणजे आयनांचा मारा करून उडवलेल्या कणांनी, चढवतात आणि त्यातल्या वेगवान कणांनी खालचा सेंद्रिय थर दुखावतो. चांदी मात्र निर्वातात वाफ करून हळुवार बसवता येते. म्हणून दोन्ही बाजूंनी पारदर्शक सेल बनवताना पातळ धातू फार उपयोगी पडतो.

खाली जे लिहितोय ते निर्वात बाष्पीभवनाचं यंत्र हाताशी असलेल्या, पण पातळ धातूवर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामात पहिले दोन-तीन नॅनोमीटर कसे बसले यावर बाकी जवळपास सगळं ठरतं. म्हणून लेखातला मोठा भाग त्यांच्यासाठीच ठेवला आहे.

पायरी १: किती रेझिस्टन्स चालेल ते आधी मोजा

यंत्राकडे जाण्यापूर्वी कागद घ्या. सेलची पट्टी एका बाजूने वीज गोळा करत असेल, तर इलेक्ट्रोडमध्ये वाया जाणाऱ्या शक्तीचा वाटा साधारण असा निघतो: शीट रेझिस्टन्स गुणिले विद्युतधारेची घनता गुणिले पट्टीच्या रुंदीचा वर्ग, भागिले व्होल्टेजची तिप्पट. धारा आणि व्होल्टेज दोन्ही कमाल शक्तीच्या बिंदूवरचे घ्यायचे.

समजा धारा २० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर आहे, व्होल्टेज ०.७ आहे आणि शीट रेझिस्टन्स १० ओहम प्रति चौरस. रुंदी १ सेंटिमीटर धरली तर तोटा साडेनऊ टक्के येतो. रुंदी ३ मिलिमीटर केली की तो एका टक्क्याच्याही खाली जातो. रुंदीचा वर्ग असल्यामुळे हा फरक इतका मोठा पडतो.

म्हणजे प्रयोगशाळेतला चिमुकला सेल वाईट इलेक्ट्रोडलाही सांभाळून घेतो. ३ मिलिमीटर पट्टीवर ५० ओहमचा इलेक्ट्रोड लावला तरी तोटा चार टक्क्यांच्या थोडा वर असतो. तोच इलेक्ट्रोड मोठ्या सेलवर नेला की सेलची क्षमता कोसळते. तुमचं अंतिम उद्दिष्ट मोठा सेल असेल तर सुरुवातीपासून १० ओहमच्या खालचं लक्ष्य ठेवा.

पायरी २: प्रकार निवडा

चार वाटा आहेत. चांदीचा सलग पातळ थर. तोच थर दोन ऑक्साइडच्या मध्ये ठेवलेला, ज्याला बोलताना सगळे सँडविच म्हणतात. चांदीच्या नॅनोतारांचं जाळं. आणि धातूची बारीक जाळी, जिच्या रिकाम्या चौकोनांत पेडॉटसारखं वाहक पॉलिमर भरलेलं असतं.

नॅनोतारा छान आहेत. त्या द्रावणातून पसरवता येतात, त्यामुळे निर्वाताची गरज पडत नाही. पण दोन तारा एकमेकींवर पडतात तिथे उंचवटा होतो आणि सेंद्रिय थर असतो जेमतेम १०० नॅनोमीटरचा. वर आलेलं तारेचं एखादं टोक थराला भोसकून पलीकडच्या इलेक्ट्रोडला टेकलं की शॉर्ट. त्यावर उपाय आहेत: तारा पॉलिमरमध्ये पुरून सपाट बाजू वर आणायची, किंवा गरम करून सांधे वितळवायचे. पण ते पहिल्या महिन्यात करायचं काम नाही. जाळीसाठी छपाईचं किंवा लिथोग्राफीचं तंत्र लागतं.

नव्या माणसाने सँडविचपासून सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं. सगळे थर एकाच यंत्रात, निर्वात न मोडता होतात. पृष्ठभाग गुळगुळीत येतो. आणि काय चुकलं ते शोधायला जागाही मोजक्याच असतात.

पायरी ३: काच धुवा, मनापासून धुवा

डिटर्जंट, मग डीआयोनाइज्ड पाणी, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपेनॉल. प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये. नायट्रोजनने कोरडी करा आणि पंधरा-एक मिनिटं यूव्ही-ओझोन द्या. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो, त्यामुळे हवा बाहेर ओढणारं धुराडं (एक्झॉस्ट) चालू असल्याशिवाय झाकण उघडू नका. ओझोननंतर काचेवर पाण्याचा थेंब टाका. तो सपाट पसरला तर काच तयार आहे. गोल राहिला तर परत धुवा.

वीज काढण्याच्या कडेला ८० ते १०० नॅनोमीटर चांदीची जाड पट्टी वेगळ्या मास्कमधून चढवून ठेवा. मोजमापाच्या पिना १० नॅनोमीटरचा थर सहज खरवडून काढतात. जाड पट्टीवर त्या निवांत टेकतात.

पायरी ४: चांदी बेटं का करते

इथे थोडं रेंगाळूया.

चांदीच्या अणूला काचेपेक्षा चांदीच जास्त जवळची. तो काचेवर पडतो, इकडेतिकडे सरकतो आणि दुसरा चांदीचा अणू भेटला की त्याला चिकटतो. त्यामुळे सुरुवातीला सलग थर बनतच नाही, सुटी बेटं तयार होतात. तेलकट तव्यावर पाणी शिंपडलं की थेंबथेंब होतात, तसं. आणखी चांदी पडली की बेटं वाढतात, एकमेकांना टेकतात, मधल्या फटी अरुंद होतात आणि एका जाडीला वीज पहिल्यांदा आरपार जाते. नुसत्या काचेवर ही जाडी १० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते.

बेटांचा थर दोन्हीकडून नडतो. वीज वाहत नाही आणि प्रकाशही अडतो. सुट्या बेटांमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका लयीत हलतात आणि दृश्य प्रकाशातला एक पट्टा गिळून टाकतात. म्हणून ६ नॅनोमीटरचा तुटक थर ९ नॅनोमीटरच्या सलग थरापेक्षा जास्त काळपट दिसू शकतो. नवख्याला हे उलटं वाटतं. तो प्रकाश वाढवायला चांदी कमी करतो आणि प्रकाश आणखी घटतो.

थर सलग झाला तरी पुस्तकी रेझिस्टन्स मिळत नाही. ठोकळा चांदीची रोधकता १.६ मायक्रोओहम सेंटिमीटर आहे. त्या हिशेबाने १० नॅनोमीटर थराचा शीट रेझिस्टन्स १.६ ओहम प्रति चौरस यायला हवा. प्रत्यक्षात तो काही पटींनी जास्त येतो. चांदीत इलेक्ट्रॉन सरासरी ५० नॅनोमीटरच्या आसपास अंतर न आपटता जातो. थरच १० नॅनोमीटरचा असेल तर तो वरखाली पृष्ठभागांवर आणि कणांच्या सीमांवर आपटत राहतो. म्हणून ५ ते १० ओहम आले तर निराश होऊ नका. तो चांगला थर आहे.

बेटं कशी टाळायची? चांदीला बसायला जास्त जागा द्यायच्या. त्यासाठी खाली बीजथर घालतात. १ नॅनोमीटर सोनं, तांबं किंवा जर्मेनियम चांदीच्या आधी चढवलं की चांदीचे अणू फार सरकत नाहीत, जागच्या जागी चिकटतात आणि थर ७-८ नॅनोमीटरलाच सलग होतो. जर्मेनियमवर चांदी अतिशय गुळगुळीत बसते, पण जर्मेनियम स्वतः प्रकाश खातं. माझी पसंती सोन्याला आहे, कारण ते गंजत नाही आणि हवेतही बदलत नाही. द्रावणातून काम करत असाल तर गंधकाचं टोक असलेल्या सिलेन रेणूंचा एकपदरी थर काचेवर बसवूनही हेच साधतं. गंधक चांदीला पकडून ठेवतं.

पायरी ५: चढवणं

सँडविचची रचना खालून वर अशी ठेवा: मॉलिब्डेनम ऑक्साइड १० नॅनोमीटर, सोनं १, चांदी ८ किंवा ९, आणि वर पुन्हा मॉलिब्डेनम ऑक्साइड ३५ ते ४०. हे आकडे सेंद्रिय थरावर वरचा इलेक्ट्रोड बसवण्यासाठी आहेत. आतलं ऑक्साइड होल, म्हणजे धन विद्युतभार, गोळा करतं. बाहेरचं परावर्तन कमी करतं.

चेंबरचा दाब मिलिबारच्या दहालाखाव्या भागाइतका खाली येऊ द्या. घाई करू नका. उरलेली पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन चांदीच्या कणसीमांमध्ये जाऊन बसतात.

मॉलिब्डेनम ऑक्साइडची भुकटी तापवताना उडते. शटर, म्हणजे वाफेच्या वाटेतली झडप, बंद ठेवून ती हळूहळू तापवा, आतला वायू निघून जाऊ द्या आणि शक्यतो झाकणाची बोट, म्हणजे पदार्थ तापवायची वाटी, वापरा. भुकटी भरताना मास्क लावा. ती श्वासात जाणं चांगलं नाही.

सोनं सावकाश चढवा, सेकंदाला ०.०५ नॅनोमीटर. १ नॅनोमीटरला वीस सेकंद मिळतात, म्हणजे शटर हाताने बंद करायला पुरेसा वेळ. इथे एक बारकावा आहे. शटर उघडताच बोटीची उष्णता जाडी मोजणाऱ्या मॉनिटरच्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर पडते आणि त्याचा आकडा काही अंश नॅनोमीटर उगाच सरकतो. जाड थरात हे कळतही नाही, पण १ नॅनोमीटरच्या थरात ती मोठी चूक ठरते. शटर उघडण्याच्या क्षणी वाचन कसं उडी मारतं ते एकदा नुसतं बघून ठेवा.

चांदी उलट, भराभर चढवा. सेकंदाला निदान ०.३ ते ०.५ नॅनोमीटर. वेग जास्त असला की अणूंना सरकायला वेळ मिळत नाही आणि बेटं लहान, दाट राहतात. ०.५ च्या वेगाने ९ नॅनोमीटरला अठराच सेकंद लागतात, म्हणून बोट शटर उघडण्याआधीच स्थिर वेगावर आणा. काच थंड राहील असं बघा. सोनं आणि चांदी यांच्यामध्ये निर्वात मोडू नका.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. मॉनिटरवर १० नॅनोमीटर चांदी दाखवली. चेंबर उघडला तर काचेला फिकट तपकिरी-गुलाबी झाक, आणि मल्टिमीटर लावला तर वीज अजिबात वाहेना. मी काच बदलली, चांदी बदलली, निर्वाताला दोष दिला. दुसऱ्या संध्याकाळी मॉनिटरची सेटिंग उघडली तेव्हा दिसलं की आदल्या कामातली ॲल्युमिनियमची घनता तशीच राहिली होती. क्रिस्टल वजन मोजतो; जाडी घनतेवरून काढली जाते. ॲल्युमिनियमची घनता २.७, चांदीची १०.४९. म्हणजे मॉनिटर १० म्हणत होता तेव्हा काचेवर होती जेमतेम अडीच नॅनोमीटर चांदी. तेव्हापासून धातू, घनता आणि टूलिंग फॅक्टर (क्रिस्टलवरच्या आणि काचेवरच्या जाडीतला फरक भरून काढणारा गुणक) हे तीन शब्द मी प्रत्येक वेळी वहीत हाताने लिहितो आणि मगच पंप सुरू करतो.

टूलिंग फॅक्टरही स्वतः काढा. १०० नॅनोमीटर चांदी चढवा, थराची कड पायरीसारखी करून प्रोफाइलोमीटरने, म्हणजे उंची मोजणाऱ्या यंत्राने, खरी जाडी मोजा, आणि जुन्या फॅक्टरला खरी जाडी भागिले दाखवलेली जाडी याने गुणा.

पायरी ६: मोजा

आधी डोळ्यांनी बघा. काच पांढऱ्या कागदावर धरा. सलग पातळ चांदीतून पाहिलं तर कागद किंचित निळसर दिसतो, सगळीकडे सारखा. कुठे गुलाबी, जांभळट किंवा पिवळट डाग असेल तर तिथे बेटं आहेत.

मग फोर-पॉइंट प्रोब, म्हणजे चार पिनांचं मोजमाप. दोन पिनांच्या मल्टिमीटरवर विसंबू नका, त्यात टेकण्याचा रेझिस्टन्सही मिसळतो. पिना सारख्या अंतरावर असतील आणि नमुना त्या अंतरापेक्षा बराच मोठा असेल, तर शीट रेझिस्टन्स म्हणजे ४.५३ गुणिले व्होल्टेज भागिले धारा. १ मिलिअँपिअर सोडून १.८ मिलिव्होल्ट आले तर झाले सुमारे ८.२ ओहम प्रति चौरस. कडेपासून दूर मोजा आणि पाच जागी मोजा.

पारदर्शकता मोजताना शंभर टक्के म्हणून नुसती हवा धरली की रिकामी काच, ते लिहून ठेवा. साधी काच दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत पाठवते. एकाने काच वजा केली आणि दुसऱ्याने केली नाही, तर दोघांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. ५५० नॅनोमीटरवरचा एकच आकडाही पुरेसा नाही. तो डोळ्याला सोयीचा, सेलला नाही. नव्या सेंद्रिय पदार्थांपैकी वाय६ हा २०१९ साली पुढे आलेला पदार्थ ९०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत प्रकाश शोषतो, आणि पातळ चांदी नेमकी तांबड्या आणि अवरक्त बाजूला जास्त परावर्तन करते. तुमचा सेंद्रिय थर जिथवर शोषतो तिथवरचा संपूर्ण आलेख घ्या.

दोन इलेक्ट्रोडची तुलना करायला हाके या संशोधकाचा निर्देशांक वापरतात; तो १९७६ सालचा आहे. पारदर्शकतेचा दहावा घात भागिले शीट रेझिस्टन्स. ८५ टक्के आणि १० ओहम यांचा निर्देशांक ०.०१९७ येतो. ९० टक्के आणि ५० ओहमचा ०.००७०, आणि ७० टक्के आणि ४ ओहमचा ०.००७१. शेवटचे दोन जवळजवळ सारखे आले, पण त्यांतला ५० ओहमचा लहान सेलला चालेल आणि ४ ओहमचा रुंद सेलला. म्हणून हा निर्देशांक गाळणीसारखा वापरा आणि निवड पहिल्या पायरीतल्या हिशेबाने करा.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास म्हणून ४, ६, ८, १० आणि १२ नॅनोमीटर चांदी बीजथराशिवाय आणि बीजथरासह अशा दहा काचा करा. जाडी आडवी आणि शीट रेझिस्टन्स उभा धरून आलेख काढा. रेझिस्टन्स एका जागी कड्यावरून कोसळावा तसा खाली येतो. तुमच्या यंत्रात, तुमच्या काचेवर ती जागा कुठे आहे हे कळलं की त्याच्या एक-दीड नॅनोमीटर पुढे थांबा.

पायरी ७: सेलमध्ये बसवणं

काचेवर सर्वोत्तम निघालेलं सँडविच सेलमध्ये सर्वोत्तम असेलच असं नाही. पातळ चांदी आणि पलीकडचा जाड धातू या दोन आरशांच्या मध्ये प्रकाश पुढेमागे फिरतो, आणि सेंद्रिय थराच्या जाडीनुसार काही रंग वाढतात, काही मरतात. बाहेरच्या ऑक्साइडची जाडी पाच-पाच नॅनोमीटरने बदलून बघा, किंवा आधी ट्रान्सफर मॅट्रिक्स पद्धतीने (थराथरातून प्रकाश कसा जातो याच्या गणिताने) संगणकावर काढा. मी दुसरं सुचवतो. एका दुपारच्या गणिताने आठवडाभराची चांदी वाचते.

चांदी खालच्या बाजूला, काचेजवळ घेणार असाल तर तिच्यावर पुढे काय होणार आहे त्याचा विचार करा. सोल-जेलचं झिंक ऑक्साइड १५० ते २०० अंशांना भाजावं लागतं. एवढ्या उष्णतेत पातळ चांदी पुन्हा गोळा होऊन थेंब होऊ लागते. त्यापेक्षा कमी तापमानाला वाळणारे झिंक ऑक्साइडचे नॅनोकण घ्या. नेहमीचं पेडॉट:पीएसएस आम्लधर्मी असतं, ते थेट चांदीवर नको; मध्ये ऑक्साइडचा पदर ठेवा किंवा उदासीन प्रकारचं घ्या.

धारा-व्होल्टेज आलेख काढल्यावर दोष बहुधा असे दिसतात. शून्य व्होल्टच्या आसपास रेघ सपाट नसून तिरकी असेल तर गळती आहे, म्हणजे धुळीचा कण किंवा चांदीचा उंचवटा. उघड्या व्होल्टेजपाशी, म्हणजे धारा शून्य होते तिथे, रेघ झुकलेली असेल तर शीट रेझिस्टन्स किंवा कडेची पट्टी तपासा. मध्येच इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आलं तर दोष चांदी आणि सेंद्रिय थर यांच्या सांध्यात आहे. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की मॉलिब्डेनम ऑक्साइडला चांदीआधी हवा लागली आणि त्याचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, घसरलं. धारा मोजताना सेलवर ठरावीक छिद्राचा मास्क ठेवा, नाहीतर कडेचा प्रकाश आत शिरून आकडा फुगतो.

पायरी ८: साक्षीदार काच

प्रत्येक खेपेला सेलच्या शेजारी एक रिकामी काच ठेवा आणि तिच्यावर तोच इलेक्ट्रोड चढू द्या. ही तुमची साक्षीदार. तिचा शीट रेझिस्टन्स आणि आलेख त्याच दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मोजा. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते; बाहेरचं ऑक्साइड त्याला थोडंफार अडवतं, पण दमट हवेत ते स्वतःही पाणी धरतं. म्हणून एक साक्षीदार नायट्रोजनच्या पेटीत आणि एक बाहेर ठेवा. सेल मंदावला आणि दोन्ही साक्षीदार काचा जशाच्या तशा असतील, तर दोष सेंद्रिय थरात किंवा सांध्यात शोधा. बाहेरची काच बिघडली आणि आतली नाही, तर सेल नीट सीलबंद करा. दोन्ही बिघडल्या आणि त्यांच्यावर पुन्हा ती गुलाबी झाक आली, तर थर सलगपणाच्या अगदी काठावर थांबवलेला होता. पुढच्या खेपेला चांदी एक नॅनोमीटर जास्त घ्या.